पहिल्या ओळीतील बाई

मावशीच्या यकृताच्या रक्ततपासणीचा अहवाल काकांनी पाठवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. अहवालाच्या छायाचित्राखाली आणखी एक छायाचित्र होते. इंटरनेटवर त्यांना कुठेतरी एक गणकयंत्र सापडले होते. वय, बिलिरुबिन (पित्तातले पिवळे द्रव्य), अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन), रक्त गोठायला लागणारा वेळ आणि पायांवर सूज आहे की नाही, एवढे भरले की १ वर्षापासून ७ वर्षांपर्यंत प्रत्येक वर्षाअखेर रुग्ण जिवंत असण्याची शक्यता ते सांगत होते, आणि शेवटच्या ओळीत ७ वर्षांसमोर ६० टक्के असा आकडा आला होता. काकांची सारी नोकरी सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात गेली. त्यांनी त्याखाली लिहिले होते, "७ चे ६० टक्के म्हणजे सव्वाचार वर्षे धरायची का? तुझाच विषय आहे म्हणून विचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला, समजावून सांगितले, आणि त्यांनीही "बरं, बरं" म्हणत ऐकून घेतले. तरी ते सव्वाचार माझ्या मनातून जाईनात. त्यांचा गुणाकार जवळजवळ बरोबर होता. शंभर रुग्णांपैकी साठ जण ७ वर्षांनंतरही हयात असतील, एवढेच ते गणकयंत्र सांगत होते. काकांनी मात्र ती माणसांची टक्केवारी वर्षांना लावली आणि एका मोठ्या गटाविषयीचे विधान एकट्या मावशीच्या आयुष्यावर चिकटवले. पण ज्याच्या घरात एकच मावशी आहे, त्याने शंभर जणींचा विचार करायचा तरी कसा? मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यातही जगण्याच्या कालावधीचे विश्लेषण हा माझा आवडता भाग. त्या सकाळी फोन ठेवल्यावर मला तीव्रपणे वाटले की काकांना हवे असलेले उत्तर आणि सूत्राला देता येणारे उत्तर यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल कोणीतरी सविस्तर लिहायला हवे.

मावशीचा आजार खाजेने सुरू झाला. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती खाज. तळहातांना आणि तळपायांना अधिक, आणि दिवेलागणीनंतर वाढत जाणारी. रात्री सगळे झोपले की ती स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर तळपाय टेकवून बसायची, ओला पंचा पायांभोवती गुंडाळायची आणि पहाटे कधीतरी डोळा लागला की पुन्हा खाजेनेच उठायची. साबण बदलून झाले, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळी झाल्या, मलमांच्या नळ्या संपल्या. त्याच सुमारास तिला विलक्षण थकवा येऊ लागला होता. भाकरी थापता थापता ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि कोणी पाहिले की पीठ मळण्याचे निमित्त करायची. अखेर कोणीतरी एलएफटी, म्हणजे यकृताच्या कामाची रक्ततपासणी, करून घ्यायला सांगितले. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त अडले की रक्तात वाढणारे विकर, सामान्य मर्यादेच्या कितीतरी वर निघाले, मग मायटोकाँड्रियाविरोधी प्रतिपिंडांची चाचणी झाली, आणि आम्हा सर्वांना एक नवे नाव पाठ करावे लागले : प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. डॉक्टर त्याला पीबीसी म्हणतात, आणि आता मावशीही तसेच म्हणते.

यकृताचा आजार म्हटला की आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत एक प्रश्न उभा राहतो, आणि दारूच्या थेंबाला कधी न शिवलेल्या बाईलाही त्या प्रश्नासमोर उभे राहावे लागते. मावशीला कोणी तोंडावर विचारले नाही, पण काकांना बाजूला घेऊन विचारणारे भेटले. दुसऱ्या काहींनी काविळीची माळ सुचवली, काहींनी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. तिचे डोळे तेव्हा पिवळे झालेही नव्हते. त्या माळेचा मात्र मी पुष्कळ विचार केला आहे. डोक्यावर घातलेली माळ दिवसागणिक लांब होत खाली उतरते आणि तिच्याबरोबर रोगही उतरतो, अशी श्रद्धा. शरीराच्या आत जे चालले आहे ते बाहेर, डोळ्यांना दिसेल आणि मोजता येईल असे काहीतरी हवे, ही गरज त्या माळेच्या मुळाशी आहे, आणि त्या गरजेला हसण्याचे कारण मला दिसत नाही. मध्यरात्री गणकयंत्र शोधणारा माणूसही तीच गरज घेऊन बसलेला असतो.

पीबीसीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर चालून जाते. नलिका एकेक करून नष्ट होत जातात, पित्त अडून राहते, त्याने आजूबाजूच्या पेशींना इजा होते, व्रण भरताना तंतू साचतात, आणि वर्षानुवर्षांच्या या मंद प्रक्रियेच्या शेवटी सिऱ्होसिस, म्हणजे तंतूंनी कठीण झालेले यकृत, उभा असतो. रुग्णांमध्ये दहातल्या सुमारे नऊ स्त्रिया, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या. वेग माणसागणिक इतका वेगळा असतो की कोणी तीस वर्षे जवळजवळ निर्धास्त काढते, तर कोणाची पाच-सात वर्षांतच प्रत्यारोपणाची वेळ येते. जिथे सर्वांचा मार्ग सारखा असतो तिथे भाकीत करावे लागत नाही आणि जिथे कसलाच क्रम नसतो तिथे ते करता येत नाही. हा आजार नेमका या दोहोंच्या मधला आहे. म्हणूनच डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षे त्याच्या मागे लागलेले आहेत. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त बिलिरुबिन पाहिले गेले होते. ते २ मिलिग्रॅमच्या वर जाऊन टिकले की सरासरी आयुष्य सुमारे ४ वर्षे, ६ च्या वर गेले की सुमारे २ वर्षे, १० च्या वर गेले की जेमतेम दीड वर्ष. त्या काळी हातात दुसरे काही नव्हते, औषध तर नव्हतेच, त्यामुळे हे आकडे वाचताना अंगावर येतात. पण बिलिरुबिन वाढायला लागले म्हणजे उतार सुरू झाला, हे त्या अभ्यासाने स्वच्छ दाखवले, आणि नंतरच्या प्रत्येक सूत्रात बिलिरुबिन राहिलेच.

काकांना सापडलेले सूत्र १९८९ चे, मेयो क्लिनिक या अमेरिकी रुग्णालयाचे. त्याची जन्मकथा मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण ते सूत्र एका फसलेल्या औषधातून जन्माला आले. पीबीसीच्या रुग्णांच्या यकृतात तांबे साठते, म्हणून शरीरातले तांबे बाहेर काढणारे डी-पेनिसिलमाइन हे औषध उपयोगी पडेल असे वाटले होते. मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये, १९७४ ते १९८४ या काळात ४२४ पात्र रुग्ण आले. त्यांतल्या ३१२ जणांनी चाचणीत भाग घेतला. चिठ्ठी टाकावी तसे काहींना औषध मिळाले आणि काहींना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. उरलेल्या ११२ जणांनी औषध नको म्हटले, तरी आपल्या मोजमापांची नोंद ठेवायला होकार दिला. त्यांतल्या सहा जणांचा पुढे माग लागला नाही. औषधाचा काहीही उपयोग झाला नाही. हाती राहिला तो ४१८ ओळींचा तक्ता, आणि त्या काळाच्या मानाने विलक्षण काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदी. तो तक्ता पुढे पाठ्यपुस्तकात छापला गेला, संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालींत आला, आणि आज जगात कुठेही जगण्याच्या कालावधीचे विश्लेषण शिकणारा विद्यार्थी पुष्कळदा त्यातूनच शिकतो. पुण्यातल्या माझ्या वर्गातही तोच उघडतो.

पहिल्या ओळीत एक बाई आहे.

तिचे नाव नाही, गाव नाही. वय ५८ वर्षे आणि काही महिने. पोटात पाणी झालेले, यकृत वाढलेले, पाण्याच्या गोळ्या घेऊनही पायांवरची सूज न उतरलेली. बिलिरुबिन १४.५, अल्ब्युमिन २.६. कालावधीच्या रकान्यात ४०० दिवस, आणि त्यापुढे मृत्यूचा संकेत असलेला २ हा आकडा. तिच्या खालच्या ओळीतली बाई तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. तिचे बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ४.१४, सूज नाही. तिच्या नावे ४५०० दिवस, आणि पुढे शून्य, म्हणजे अखेरची नोंद झाली तेव्हा ती हयात होती. एकाच आजाराच्या, जवळजवळ एकाच वयाच्या दोन बायका. मेयोचे सूत्र लावले तर पहिलीचे गुण ९ येतात, दुसरीचे ४.३. त्या गुणांवरून पहिलीची एक वर्ष जगण्याची शक्यता सुमारे २० टक्के निघते आणि दुसरीची ७ वर्षे जगण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. आता पुन्हा ते ४०० दिवस पाहावेत. ज्या शंभर जणींपैकी ऐंशी जणी वर्षाच्या आत जातील असे सूत्र सांगते, त्यांतल्या उरलेल्या वीस जणींमध्ये ही बाई होती. तिने वर्ष ओलांडले आणि वर पाच आठवडे काढले. ते पाच आठवडे सूत्राच्या दृष्टीने काहीच नाहीत. तिच्या घरच्यांसाठी त्यांत एखादा सण असेल, कोणाचे तरी बारसे असेल, निदान एखादी बरी गेलेली दुपार असेल. सूत्र तिथे चुकले असे म्हणता येत नाही, कारण वीस टक्क्यांना जागा त्याने ठेवलेलीच होती. पण ती वीस टक्के कोणाच्या वाट्याला येतील हे सांगण्याची त्याची क्षमता नव्हती आणि त्याने तसा दावाही केला नव्हता.

या ४१८ ओळींपैकी १६१ ओळींच्या शेवटी मृत्यू आहे, २५ ओळींच्या शेवटी यकृत प्रत्यारोपण आहे, आणि २३२ ओळींच्या शेवटी शून्य आहे. या शून्यांना आमच्या शास्त्रात सेन्सर्ड म्हणतात. जुलै १९८६ मध्ये हिशेब थांबवला तेव्हा ही माणसे जिवंत होती किंवा त्याआधीच्या शेवटच्या भेटीत जिवंत होती; पुढे काय झाले ते तक्त्याला ठाऊक नाही. नवखा विद्यार्थी हमखास विचारतो की ज्यांचा शेवट माहीत नाही त्यांना गाळून का टाकत नाही. गाळले तर हिशेबात फक्त मेलेली माणसे उरतील आणि आजार आहे त्यापेक्षा कितीतरी भयंकर दिसेल. दुसऱ्या ओळीतली बाई ४५०० दिवस, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ हयात होती, ही माहिती अपुरी असली तरी मोलाची आहे. अशा अपुऱ्या माहितीला तिचे पूर्ण वजन द्यायचे, पण ठाऊक आहे त्यापलीकडे तिच्या तोंडी काही घालायचे नाही, ही शिस्त १९५८ साली कॅप्लन आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी आखून दिली आणि १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी ती वय, बिलिरुबिन यांसारख्या घटकांशी जोडली. गणितातल्या ज्या गोष्टींबद्दल मला मनापासून आदर वाटतो, त्यांत ही एक आहे. आजही जगणाऱ्या माणसाविषयी ती फक्त एवढेच म्हणते : इथपर्यंत आहे.

मेयोच्या सूत्रात पाचच घटक आहेत, आणि त्यांत सुईने यकृताचा तुकडा काढण्याची गरज नाही, हे त्या काळी मोठे सुख होते. बिलिरुबिन त्यात लॉगरिदममध्ये येते, त्यामुळे १ चे २ होणे आणि १० चे २० होणे याला सारखेच वजन मिळते. अहवालावर १ चे २ झाले तर घरचे "थोडेसे वाढले" म्हणतात, पण सूत्राला ते थोडेसे वाटत नाही, आणि इथे सूत्राचेच ऐकावे असे माझे मत आहे. अल्ब्युमिन यकृतच तयार करते, रक्त गोठवणारे घटकही तेच तयार करते. म्हणजे पित्त बाहेर टाकण्याचे काम किती बिघडले आहे आणि निर्मितीचे काम किती उरले आहे, असे दोन प्रश्न त्या पाच घटकांत मिळून विचारले जातात. पण हे सर्व कोणासाठी? सूत्र मांडणाऱ्यांनी ते निर्णयासाठीच मांडले होते. ऐंशीच्या दशकात यकृत प्रत्यारोपण प्रयोगाच्या पायरीवरून उपचाराच्या पायरीवर आले होते, आणि कोणाला, केव्हा, हा प्रश्न डॉक्टरांपुढे रोज उभा राहत होता. फार लवकर केले तर चांगली वर्षे शस्त्रक्रियेच्या धोक्यात घालायची, फार उशिरा केले तर रुग्ण शस्त्रक्रियाच सोसू शकत नाही. मेयो गुण ७.८ च्या पुढे जाण्याआधी प्रत्यारोपण झाले तर निभाव चांगला लागतो, असे पुढे दिसून आले. पहिल्या ओळीतल्या बाईचे गुण तक्त्यात तिची नोंद झाली त्या दिवशीच ९ होते. डॉक्टरांचा प्रश्न "केव्हा" असा होता. काकांनी त्याच सूत्राला "किती" असे विचारले, आणि दोन प्रश्नांना एकच आकडा मिळाल्यामुळे फरक कोणालाच दिसला नाही.

"किती" हा प्रश्न विचारूच नये, असे मात्र मला म्हणायचे नाही. तो प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचा एक संपूर्ण भाग मृत्यू जवळ आल्याची लक्षणे सांगण्यासाठी आहे. वर्ण, स्वर, गंध, स्वप्ने, सावली, सगळ्यांचे बारकाईने निरीक्षण आहे. आणि तिथेच वैद्याला बजावले आहे की मरण समोर दिसत असले तरी कोणी विचारल्याशिवाय ते बोलू नये, आणि विचारले तरी ज्या ठिकाणी बोलण्याने रुग्णाला किंवा इतर कोणाला धक्का बसेल तिथे बोलू नये. यातल्या पहिल्या अर्ध्याशी मी सहमत आहे. दुसऱ्या अर्ध्याने आपल्याकडे फार नुकसान केले आहे असे मला वाटते. घरातल्या बाईचा अहवाल पुरुषांनी वाचायचा, तिला "बरे आहे" एवढेच सांगायचे, आणि ती बिचारी चेहऱ्यांवरून ताडत राहणार, हे मी आमच्याच घरात याआधी पाहिले आहे. मावशीने ते होऊ दिले नाही. तिची फाइल तीच सांभाळते. काका लाल शाईने मर्यादेबाहेरच्या आकड्यांना गोल करतात, आणि ती त्यांच्याखाली पेन्सिलीने मागच्या वेळचा आकडा लिहिते.

तिची ती पेन्सिल मला त्या गणकयंत्रापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध वाटते, आणि हे मी जिव्हाळ्यापोटी म्हणत नाही. मेयोच्या तक्त्यातल्या कोणालाही गुणकारी औषध मिळालेले नव्हते. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, थोडक्यात उर्सो, ज्याला आपल्याकडचे बहुतेक रुग्ण उडिलिव्ह या नावानेच ओळखतात, त्यानंतरचे. फ्रान्समधल्या चाचणीचे महत्त्वाचे निष्कर्ष १९९१ चे आणि अमेरिकेतली पीबीसीसाठीची मान्यता १९९७ ची. मावशी वजनाच्या हिशेबाने ठरवून दिलेला त्याचा डोस रोज घेते. म्हणजे काकांनी त्या रात्री तिला अशा स्त्री-पुरुषांच्या रांगेत उभे केले होते, ज्यांच्याकडे तिच्याकडे आहे ते औषध नव्हते. भाकीत करणारे प्रत्येक सूत्र असेच भूतकाळातून येते. उपचार सुधारले की ते हळूहळू शिळे होते, आणि रुग्णांच्या दृष्टीने त्याचे शिळे होणे ही चांगलीच बातमी असते.

औषध आल्यावर मुख्य प्रश्नच बदलला. आजार किती पुढे गेला आहे याच्याइतकेच, औषधाला यकृत कसा प्रतिसाद देते हे महत्त्वाचे ठरले. २००६ साली बार्सिलोनाच्या आणि २००८ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी औषध सुरू केल्यावर एका वर्षाने काय पाहायचे याचे निकष मांडले. २०१५ साली ग्लोब हे सूत्र आले. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील केंद्रांमधल्या, उर्सो घेणाऱ्या ४११९ रुग्णांच्या नोंदींवर ते बेतलेले आहे, आणि त्यात वयाबरोबर एक वर्षाच्या उपचारानंतरचे बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन आणि प्लेटलेट येतात. गुण ०.३० च्या वर गेले तर त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांपेक्षा आयुष्य कमी होण्याची शक्यता, त्याखाली राहिले तर जवळजवळ त्यांच्याइतकेच. माझ्या दृष्टीने या उंबरठ्याचा अर्थ फार मोठा आहे. मेयोच्या सूत्रात रुग्णाची तुलना दुसऱ्या रुग्णांशीच होत होती. इथे असे म्हटले गेले की या आजाराच्या पुष्कळ बायकांसाठी "किती वर्षे" या प्रश्नाचे उत्तर तुमच्या-माझ्यासारखेच आहे, म्हणजे कोणालाच ठाऊक नाही. मात्र त्या ४११९ जणांमध्ये आपल्याकडच्या रुग्णालयांतले कोणी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लक्षात ठेवायला हवे. आपला आहार, आपल्याकडचा मधुमेह, उशिरा होणारे निदान, यांपैकी काहीच त्या सूत्राने पाहिलेले नाही.

अहवाल सुधारला म्हणजे माणूस सुधारला, असेही नेहमी घडत नाही. पीबीसीच्याच नात्यातला एक आजार आहे, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. तो मोठ्या पित्तनलिकांना धरतो, पुरुषांमध्ये अधिक आढळतो आणि पुष्कळदा आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसबरोबर येतो. त्यात उर्सोची मोठी मात्रा दिली तर उपयोग होईल असे वाटून १५० रुग्णांवर चाचणी झाली. २००९ साली तिचे निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांची एलएफटी सुधारली होती, आणि त्यांच्यातच मृत्यू, प्रत्यारोपण आणि इतर गंभीर घटना जास्त झाल्या होत्या. चाचणी मध्येच थांबवावी लागली. वर्गात मी हे सांगते तेव्हा काही क्षण कोणी बोलत नाही. आकडा आणि परिणाम यांच्यातले नाते एका आजारात सिद्ध झाले म्हणून दुसऱ्यात गृहीत धरता येत नाही. प्रत्येक ठिकाणी ते नव्याने, माणसांना वर्षानुवर्षे भेटत राहून सिद्ध करावे लागते. तिसरा नातलग म्हणजे ऑटोइम्यून हेपॅटायटिस, ज्यात प्रतिकारयंत्रणा यकृताच्या पेशींवरच चालून जाते. तिथे स्टेरॉइडने जगण्याचे प्रमाण इतके बदलले की उपचाराआधीची जुनी भाकिते आता केवळ इतिहासात उरली आहेत.

आणि एकदा यकृत फारच थकले की आजाराचे नाव मागे पडते आणि यकृत किती निकामी झाले ते मोजणारे मेल्ड गुण पुढे येतात. अमेरिकेत फेब्रुवारी २००२ पासून मृत दात्याचे यकृत कोणाला आधी द्यायचे ते यावरून ठरू लागले : बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचे माप). भाकिताचे सूत्र इथे थेट रांगेचे सूत्र झाले, आणि त्यात एक अन्याय शिरला. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असते. स्त्रियांचे स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंडे तितकीच बिघडलेली असूनही त्यांचे क्रिएटिनिन कमी दिसते, गुण कमी पडतात आणि रांगेत त्या मागे राहतात. जिथे दहातल्या नऊ रुग्ण स्त्रिया आहेत त्या आजारात याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. तिथली दुरुस्ती २०२३ साली अमलात आली. सुधारित सूत्रात स्त्रियांना वाढीव गुण आहेत आणि अल्ब्युमिनही धरले जाते. दोन दशके लागली. आपल्याकडे मृत दात्यांची यकृते विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत वाटली जातात, पण बहुतेक प्रत्यारोपणे घरातल्याच जिवंत दात्याच्या यकृताच्या भागाने होतात, आणि तिथे रांग घरात लागते. देणाऱ्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे आपल्याकडचे उघड वास्तव आहे. मावशीची वेळ आलीच तर कोण पुढे येईल, हे कोणत्याही गुणांवरून कळणार नाही. तिच्या धाकट्या मुलाने आपला रक्तगट तिला न सांगता तपासून घेतला आहे, एवढे मला माहीत आहे.

औषधाला वर्ष पूर्ण झाले तेव्हा आम्ही ग्लोबचे गुण काढले. काका, मावशी आणि मी, तिघांनी एकत्र बसून. आकडा उंबरठ्याच्या किंचित वर आला. मी काकांना सांगितले की हा आकडा वर्षांत मोजायचा नाही. याचा अर्थ एवढाच की एकट्या उर्सोवर थांबायचे नाही, जोडीला दुसरे औषध घ्यायचे का ते डॉक्टरांशी बोलायचे, यकृताचा कठीणपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करायचा, आणि बिलिरुबिनकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे. काकांनी हे सर्व वहीत उतरवून घेतले आणि या वेळी कोणताही गुणाकार केला नाही. मावशीने मग विचारले, "या पाच आकड्यांत खाज कुठे आहे?"

ती कुठेच नाही. पाचही घटकांच्या यादीत खाज नाही, थकवा नाही, झोप नाही. याला शास्त्रीय कारण आहे : या आजारात खाजेची आणि थकव्याची तीव्रता यकृताच्या अवस्थेबरोबर चालत नाही, सुरुवातीच्या अवस्थेतली बाई रात्रभर तळमळू शकते आणि सिऱ्होसिस झालेली शांत झोपू शकते. जे मरण सांगत नाही ते मरणाच्या सूत्रात येत नाही, आणि हे योग्यच आहे. पण सूत्रात नाही म्हणून तपासणीच्या खोलीतही नाही, असे होत गेले, आणि ते योग्य नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे रुग्णांच्याच बोलण्यातून चाळीस प्रश्नांची पीबीसी-४० नावाची प्रश्नावली तयार झाली, तीत खाज, थकवा, विसरभोळेपणा, लोकांत मिसळणे, सगळ्यांची चौकशी आहे. सेलाडेल्पार या नव्या औषधाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी रोज आपली खाज शून्य ते दहा या मापात नोंदवली आणि तिला मुख्य निष्कर्षांच्या खालोखाल स्थान मिळाले. मी मावशीला त्या चाळीस प्रश्नांतल्या काहींचा मथितार्थ मराठीत वाचून दाखवला, तेव्हा ती मध्येच थांबवून म्हणाली की हे विचारणाऱ्याला कधीतरी रात्रीची खाज सुटली असली पाहिजे. पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना खाजेबद्दल स्वतःहून सांगितले, आणि उडिलिव्हपासून चार तासांच्या अंतराने घ्यायची, खाज कमी करणाऱ्या कोलेस्टिरामिनची पुडी सुरू झाली.

आपल्याकडचा असा तक्ता हवा, असे मला आता फार वाटते. पुण्या-मुंबईच्या, सांगलीच्या, नागपूरच्या बायकांचा, वर्षानुवर्षे जपलेला, अल्कलाइन फॉस्फेटेजबरोबर झोपेचाही रकाना असलेला. मी हे मावशीला बोलून दाखवले. अशा नोंदींचा उपयोग भाग घेणारीला स्वतःला बहुधा होत नाही, तिच्यानंतर येणाऱ्या बायकांना होतो, हेही सांगितले, आणि रॉचेस्टरच्या त्या ११२ जणांबद्दल सांगितले ज्यांनी औषध नाकारले पण आपले आकडे दिले. तिने दोन गोष्टी विचारल्या. नाव छापतात का, आणि खाजेचे खरोखर लिहून घेतील का. नाव छापत नाहीत, असे मी म्हटले. दुसरे त्यांच्याकडून लिहून घ्यावे लागेल, असे म्हटले. त्यावर ती म्हणाली, मग कोणी असे काही सुरू केले तर माझे आकडे द्यायला माझी ना नाही, फाइल तयारच आहे.